उचकी मोठी झाली

गंधाली मेस्त्री तीन वर्षांची होती, तेव्हा तिच्या मामाने तिला सांगितलं की तुझं चॉकलेट कावळ्याने नेलं. मामाच्या खिशातून चांदीचा कागद डोकावत होता. पोरीला जी उचकी लागली ती पाऊण तास थांबेना. आई, नलिनी, पाणी पाजून पाजून दमली. वडील, म्हणजे भाऊ, हसून हसून गादीवर लोळले.

भाऊ एका छापखान्यात आर्टिस्ट होते. लग्नपत्रिका, उदबत्तीची खोकी, दिनदर्शिकेवरचे देव. त्यांचे वडील मालवणाकडून गिरणीत आलेले. गिरणी गेली, पण मुलुंड पूर्वेच्या दोन खोल्या राहिल्या. चॉकलेटच्या त्या प्रकारानंतर भाऊंनी छापखान्यातल्या उरलेल्या कागदांची एक वही शिवून आणली आणि तिच्यात एक मुलगी काढली. दोन वेण्या, डावी रिबन कायम सुटलेली, फ्रॉकला हे मोठे खिसे. मोठी माणसं खोटं बोलली की तिला उचकी लागायची, म्हणून तिचं नावच उचकी. पाणी घातलेलं दूध विकणारा गवळी, वर्गात झोपा काढणारे बगळे मास्तर, निवडणुकीला उभा राहिलेला बेडूक, सगळे तिला घाबरून असायचे. तिचा एकच मित्र, ढम्या कासव. तो हळू चालायचा, हळू बोलायचा आणि खरं तेच बोलायचा.

छापखान्याच्या मालकाने गंमत म्हणून पाचशे प्रती काढल्या. महिन्याभरात संपल्या. मग दुसरं पुस्तक आलं, तिसरं आलं. त्या वर्षांत मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या मराठी शाळांतून ज्याने ‘उचकी’ वाचली नाही असं मूल शोधून सापडलं नसतं. गंधालीच्या वर्गातल्या मुली तिच्या डाव्या रिबनला हात लावून बघायच्या. तिलाही त्याचा तोरा होता. खोटं कशाला सांगा.

ती बारा वर्षांची झाली आणि नलिनी आजारी पडली. परळच्या हॉस्पिटलात खेपा सुरू झाल्या. एक दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसून गंधालीने विचारलं, “भाऊ, आई बरी होईल ना रे?”

“होईल की. दिवाळीला करंज्या करायला घरी असेल बघ.”

नलिनी नवरात्रातच गेली.

मुलीने तेही सोसलं असतं. लहान मुलं मोठ्यांचं बरंच काही पोटात घालतात. पण पुढल्या जूनमध्ये, शाळा सुरू होताना, नववं पुस्तक आलं. त्यात उचकीची आई आजारी पडते, डॉक्टर म्हणतात बरी होईल, उचकीला उचकी लागत नाही, आणि शेवटच्या पानावर आई रिक्षातून उतरते. त्या आईचा चेहरा हुबेहूब नलिनीचा होता. कानातली कुडीसुद्धा तीच. मधल्या सुट्टीत एका मुलीने गंधालीला मिठी मारली. “अगं, तुझी आई आली ना घरी? मी वाचलं.”

त्या संध्याकाळपासून गंधाली भाऊंना ‘तुम्ही’ म्हणायला लागली. भाऊंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी त्यानंतर पुस्तकही केलं नाही.

पुढची वीस वर्षं एका घरात, मग दोन घरांत, जेवायला हाक मारण्यापुरतं बोलणं होऊन गेली. गंधालीचं राजेशशी लग्न झालं, ती बोरिवलीला गेली, जान्हवी झाली. मग २०१४ साली एका संस्थेने भाऊंचा सत्कार ठेवला. सभागृह भरलेलं. तिशीतले आईबाप आपापली पोरं घेऊन आलेले. भाषणाच्या ओघात भाऊंनी पहिल्या रांगेतल्या गंधालीला वर बोलावलं. “ही खरी उचकी,” ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मग त्यांनी माइकवर हॉस्पिटलच्या बाकाची गोष्ट सांगितली. तिने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, सगळं. बायका डोळे पुसू लागल्या. गंधालीने हातातला गुच्छ टेबलावर ठेवला, तीन वर्षांच्या जान्हवीला उचललं आणि ती बाजूच्या दाराने निघून गेली. भाऊंचे फोन आले, ते तिने घेतले नाहीत. पुढे फोन यायचे थांबले. अशी अकरा वर्षं गेली.

राजेश नोकरीसाठी मस्कतला. गंधाली घाटकोपरला एका बिल्डरच्या ऑफिसात ग्राहकांचे फोन घ्यायची. तिचा आवाज गोड होता, त्यावरच तिला ठेवलेलं. भांडुपच्या टॉवरचा ताबा कधी मिळणार, हा प्रश्न तिला दिवसातून चाळीस वेळा यायचा. “डिसेंबरमध्ये, काका. काळजी करू नका,” ती सांगायची. डिसेंबर येऊन जायचा, मग ती पुढल्या डिसेंबरचं सांगायची. लहानपणची ती उचकी केव्हाच बंद झाली होती. तिला आठवतही नव्हती.

यंदा फेब्रुवारीत जान्हवीने मोबाइल नाचवत आणला. “मम्मा, हे बघ ना! मुलुंडला कोणीतरी भिंतीवर काढलंय. ही तुझी उचकीच ना?”

बंद पडलेल्या कारखान्याची भिंत होती. शेजारी स्विमिंग पूलवाल्या टॉवरची जाहिरात. भिंतीवर उचकी, पण चाळिशीतली. वेण्या पिकलेल्या, रिबन तशीच सुटलेली, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबलेले, गाल फुगलेले. खाली लिहिलेलं: ‘उचकी आता मोठी झाली. ती पाणी पिते आणि गप्प बसते.’

आठवड्याभरात भांडुपला ढम्या कासव उगवला. पाठीवर कवचाऐवजी डिलिव्हरीची चौकोनी पिशवी, जीभ बाहेर, आणि ‘दहा मिनिटांत पोचतो’. अंधेरीला मेट्रोच्या खांबाजवळ बगळे मास्तर गळ्यात हार घालून उभे राहिले. एक पाय उचललेला, दुसरा खड्ड्यात. ‘विकास एका पायावर तयार आहे.’ बोरिवलीत उचकी मुलीला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवत होती आणि दुसऱ्या हाताने मराठी दिनाच्या शुभेच्छा टाकत होती. लोक हसले. आपलं लहानपण कोणीतरी असं भिंतीवर उलटं टांगलेलं बघून जरा हळहळलेही. फोटो फिरले. हा कोणी कॉलेजचा पोरगा असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. जान्हवीला तर तो झकास वाटत होता. “मम्मा, तू सांग ना लोकांना, उचकी म्हणजे तू आहेस!”

“खबरदार,” गंधाली म्हणाली.

मार्चच्या शेवटी ती सकाळी ऑफिसला पोचली तेव्हा समोरच्या फुटपाथवर घोळका होता. रस्त्यापलीकडच्या लांबलचक कंपाउंडवर दीड पुरुष उंचीची उचकी उभी होती. कानाला हेडफोन, तोंडावर एक हात, मागे कॅलेंडर, आणि कॅलेंडराची बाराच्या बारा पानं डिसेंबरची. भांडुपच्या टॉवरसाठी अडकलेली दोन-चार माणसं तिथे फोटो काढत होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने तिला ओळखलं. “काय हो मॅडम, उचकी लागते का कधी?” तो विचारता झाला, आणि बाकीचे हसले.

वर तिचा साहेब, सुशांत, खिडकीशी उभा होता. “हे तुझ्याच वडिलांचं कॅरेक्टर ना? कोण करतंय हे, शोध. नाहीतर वरचे लोक मला विचारतील आणि मी तुझं नाव सांगेन. सॉरी यार, पण वाट लागेल माझी.”

दुपारी ती रस्ता ओलांडून भिंतीपाशी गेली. चित्रातल्या बाईने ओळखपत्राचा पट्टा मनगटाला तीनदा गुंडाळला होता. गंधाली तसाच गुंडाळायची. आणि डावा पाय चपलेतून काढून उजव्या पावलावर ठेवलेला. फोनवर बोलताना ऑफिसच्या गॅलरीत ती तशी उभी राहायची, हे तिलाही ते चित्र बघून कळलं. कोणीतरी तिला रोज बघत होतं. मग तिचं लक्ष बोटांकडे गेलं. करंगळी जरा आत वळलेली, टाच भक्कम. लहानपणी तिच्या शेजारी बसून भाऊ नेहमी पायांपासून सुरुवात करायचे. म्हणायचे, पाय खोटे काढले की माणूस उभा राहत नाही.

ती अर्धा दिवस टाकून मुलुंडला गेली.

दार उघडंच होतं. भाऊ खिडकीशी बसले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस आटतो तसे आटलेले, आणि दोन्ही हात कापत होते. त्यांच्याजवळ धाकू. तो जुना साइनबोर्ड पेंटर, भाऊंच्या गावचा आणि त्यांच्याहून पाचेक वर्षांनी लहान. तिला बघताच धाकू उठला. “मी चाय आणतंय,” म्हणाला आणि सटकला.

“बस,” भाऊ म्हणाले.

ती बसली नाही. “पुन्हा मलाच विकायला काढलंत?”

“विकलं नाही गं. कुठे नाव घातलेलं नाही. साच्यावरून फवारा मारायचा, एवढंच जमतं आता. धाकू शिडी धरतो. पहाटे जातो आम्ही.”

“आणि माझ्या ऑफिससमोर बसून माझे पाय बघता?”

“बस स्टॉप आहे तिथे. बसतो कधी कधी.” भाऊ म्हणाले. “जानेवारीत मी फोन केला होता तुझ्या ऑफिसात. नंबर बोर्डावर होता. म्हटलं, आवाज तरी ऐकू. मी विचारलं, फ्लॅट कधी मिळेल. तू म्हणालीस, डिसेंबरमध्ये, काका. काळजी करू नका.”

गंधालीला काही आठवेना. दिवसाला चाळीस फोन.

“काका म्हणालीस,” भाऊ म्हणाले. “किती गोड बोललीस. अकरा वर्षांनी.”

“सगळ्यांनाच म्हणते मी.”

“ते कळलं मला. राग नाही आला. पण फोन ठेवला आणि वाटलं, ही माझी उचकी कोणी अशी केली? फक्त तुझीच नाही, सगळ्यांचीच. मग धाकूला म्हटलं, चल.”

“कोणी केली विचारता? पहिलं खोटं कोण बोललं मला? आणि ते छापलंत. रंगीत. माझी आई रिक्षातून उतरवलीत.”

“मला ती उतरायला हवी होती,” ते म्हणाले. “मी तुझ्यासाठी नाही लिहिलं ते.”

हे एवढं जरी ते तीस वर्षांपूर्वी बोलले असते, तरी काही वेगळं झालं असतं. पण त्या दिवशी गंधाली ऐकायला आली नव्हती, ऐकवायला आली होती. “माझी नोकरी जाईल,” ती म्हणाली. “पुसा ते सगळं. सगळं म्हणजे सगळं. आणि मला बघायला येऊ नका.”

“पुसतो.”

“नक्की?”

“पुसतो म्हटलं ना. जान्हवी कितवीत आहे?”

“नववीत,” ती म्हणाली आणि जिना उतरली. धाकू खालच्या पायरीवर चहाचे तीन ग्लास घेऊन उभा होता. ती त्याच्या बाजूने निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ आणि धाकू चुन्याची बादली घेऊन निघाले. जी माणसं पहाटे तासाभरात चित्र उभं करायची, त्यांना ते पुसायला दोन दोन दिवस लागत होते, कारण भाऊ मध्ये बसायचे. मुलुंडचं झालं, भांडुपचं झालं. नवव्या दिवशी ते घाटकोपरला पोचले. शिडीवरच भाऊंच्या छातीत कळ आली. ते पडले नाहीत. धाकूने कमरेला धरून उतरवलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. सातच्या सुमारास गंधालीला फोन गेला. फोनवर धाकू नुसताच “गो बाय माझे, गो बाय माझे,” म्हणत होता.

जान्हवीला घेऊन ती हॉस्पिटलात पोचली, तेव्हा भाऊ शुद्धीत नव्हते. नळ्या लावलेल्या. नखांत चुना. जान्हवीने या आजोबांना कळत्या वयात कधी पाहिलंच नव्हतं. ती काचेतून एकटक बघत होती.

“ते आर्टिस्ट हेच होते?” तिने विचारलं. गंधालीने मान हलवली. “मम्मा, बरे होतील ना गं?”

“होतील,” गंधाली म्हणाली. “होतील बेटा. डॉक्टर चांगले आहेत इथले.”

डॉक्टरांनी पाचच मिनिटांपूर्वी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आशा ठेवू नका. तोंडातून शब्द निघून गेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ गेले. त्या तीन दिवसांत ती त्यांच्या उशाशी खूप काही बोलली. त्यांना ऐकू गेलं की नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं.

जान्हवी पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही. मग एकदा जेवताना ताट सरकवून म्हणाली, “तुला माहीत होतं ना, तेव्हा, की ते वाचणार नाहीत? आणि अकरा वर्षं ते मुलुंडला होते. तास-दीड तासावर. मला का नाही नेलंस कधी?” गंधालीकडे उत्तर होतं, पण ते हॉस्पिटलच्या बाकापासून सांगावं लागलं असतं. तिने सांगितलं. पोर ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “मग ते सॉरी म्हणत होते ना तुला, भिंतीवर?” गंधालीला तेही ठरवता येईना. म्हणाली, “माहीत नाही गं. मी विचारलंच नाही.”

ऑफिसातून सुशांतने हार पाठवला. भिंतीवरची उचकी गळ्यापर्यंत पांढरी झालेली, हेडफोन आणि डोळे वर तसेच राहिलेले. लोक तर्क करत होते की बिल्डरने आर्टिस्टला पैसे चारून गप्प केलं. दोघा-तिघांनी तसं लिहिलंही. गंधालीला ते वाचून ओरडून सांगावंसं वाटायचं, आणि काय सांगायचं ते कळायचं नाही. मग कंपाउंडवाल्याने सगळी भिंतच निळी रंगवून घेतली. तिने नोकरी सोडली नाही. फक्त फोनवरून उठवून मला फाइलींच्या टेबलावर बसवा, एवढं मागून घेतलं. पगार थोडा कमी झाला. तिथे कोणाशी बोलावं लागत नव्हतं.

तेरावं झाल्यावर ती खोली आवरायला मुलुंडला गेली. पुस्तकं कमीच होती. पलंगाखाली धाकूने एक चपटं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

“ह्ये साचे,” तो म्हणाला. “कार्डशीट भिजता, म्हणून भाऊंनी एक्स-रेचे फोटो कापले.”

गंधालीने गाठ सोडली. काळ्या फिल्मा, चिकटपट्टीने एकमेकींना जोडलेल्या, त्यांत ब्लेडने कोरलेले पाय, वेण्या, रिबन. कापताना हात थरथरलेला कडांवर दिसत होता. एका कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव होतं: नलिनी मेस्त्री, स्त्री, ३८. दुसऱ्यावरही तेच. सगळ्यांवर तेच. तीस वर्षं त्यांनी त्या फिल्मा जपून ठेवल्या होत्या, आणि शेवटी त्यातूनच मुलीची बोटं कापली होती.

ती बराच वेळ जमिनीवर बसून राहिली. धाकूने स्टोव्हवर चहा ठेवला, उतरवला, पुन्हा ठेवला.

“धाकूकाका,” ती म्हणाली, “त्या दिवशी शिडीवर ते शेवटचं काय बोलले?”

धाकू गोंधळला. त्याने चहा ढवळला, इकडे तिकडे बघितलं. काहीतरी बरं सांगावं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“खरं सांगा.”

“‘चुनो पातळ झालो,’ म्हणाले,” धाकू म्हणाला. “‘दोन हात मारूक व्हये.’ इतक्याच.”

“माझं नाव?”

“नाय गो.”

गंधालीने मान हलवली. फिल्मा एकावर एक नीट रचल्या, जुन्या धोतरात गुंडाळल्या आणि गाठ मारली. बाहेर जिन्यावर शिडी तशीच टेकवलेली होती. शेजाऱ्यांनी दोनदा तक्रार केली होती, असं धाकू म्हणाला. एकट्याने ती वळत नव्हती. तिने दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून ती खाली उतरवली.